वीलांट हेर्त्सफेल्डे आणि त्याचं मालिक प्रकाशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॉन हार्टफील्डची हिटलरविरोधी चित्रं बऱ्याच जणांनी बघितलेली असतात, आणि मग कधीतरी कळतं की त्याला एक धाकटा भाऊ होता, तो लेखक होता आणि प्रकाशन चालवायचा, आणि तिथून प्रश्न सुरू होतात. गेली काही वर्षं मी या माणसाबद्दल जमेल तिथे बोलतेय, त्यामुळे तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते सगळे इथे एकत्र केलेत. सोपे आधी, किचकट नंतर. उत्तर दुसऱ्या प्रश्नात येऊन गेलं असेल तर त्याचा नंबर दिलाय.

१. हा हेर्त्सफेल्डे नक्की कोण होता? दोन ओळीत सांगा.

वीलांट हेर्त्सफेल्डे, जन्म ११ एप्रिल १८९६, स्वित्झर्लंडमधलं वेगिस नावाचं तळ्याकाठचं गाव, मृत्यू २३ नोव्हेंबर १९८८, पूर्व बर्लिन. कवी, गद्यलेखक, संपादक, आणि मुख्य म्हणजे १९१७ मध्ये बर्लिनला सुरू झालेल्या मालिक प्रकाशनाचा कर्ताधर्ता. दोन महायुद्धांच्या मधल्या जर्मनीत डाव्या विचारांची सगळ्यात देखणी आणि तरीही परवडणारी पुस्तकं कोणी काढली असं विचारलं तर माझं उत्तर हेच. दोन ओळी संपल्या, बाकीचं खाली.

२. हेर्त्सफेल्ड, हेर्त्सफेल्डे, हार्टफील्ड. ही एकाच माणसाची नावं आहेत की तीन वेगळी माणसं?

दोन सख्खे भाऊ आणि त्यांचं मूळ आडनाव. घराण्याचं नाव हेर्त्सफेल्ड. थोरला हेल्मुट, जन्म १८९१, त्याने युद्धाच्या काळात नाव बदलून चक्क इंग्रजी करून घेतलं, जॉन हार्टफील्ड. जर्मनीत तेव्हा 'देव इंग्लंडला शिक्षा करो' हे वाक्य लोक एकमेकांना नमस्कारासारखं म्हणायचे, त्या द्वेषाचा निषेध म्हणून हे नाव. अर्थ तोच राहिला, हेर्त्स म्हणजे हृदय आणि फेल्ड म्हणजे शेत, फक्त भाषा शत्रूची घेतली.

धाकट्याने आडनावाला शेवटी एक 'ए' जोडला, हेर्त्सफेल्डे. ही कल्पना एल्झे लास्कर-श्यूलर या कवयित्रीची. ती आपल्या सगळ्या मित्रांना नवी नावं द्यायची आणि या पोराला तिने हे दिलं, त्याने ते आयुष्यभर वापरलं. उच्चार करताना शेवटचा 'डे' हलका ठेवा, ताणू नका. वडिलांचं अजून तिसरंच आहे, ते फ्रान्झ हेल्ड या टोपणनावाने लिहायचे, त्यामुळे जुन्या संदर्भात बापाचं नाव वेगळं दिसलं तर गोंधळू नका.

३. आईवडील मुलांना जंगलात सोडून निघून गेले, ही गोष्ट खरी आहे का? की नंतर कोणी रचली?

खरी आहे. वडील समाजवादी लेखक, त्यांच्यावर जर्मनीत ईश्वरनिंदेचा खटला झाला आणि तुरुंगवास टाळायला ते कुटुंब घेऊन स्वित्झर्लंडला पळाले, म्हणून तर वीलांटचा जन्म तिथला. तिथून पुढे ऑस्ट्रियात, साल्झबर्गजवळ आयगेनच्या डोंगरात एका झोपडीत हे लोक राहायला लागले. १८९९ च्या उन्हाळ्यात एक दिवस आईवडील दोघंही नाहीसे झाले. मागे चार मुलं. थोरला हेल्मुट आठ वर्षांचा, वीलांट तीनचा, आणि दोन बहिणी. गावचा प्रमुख इग्नाझ वार्नशाइन याने मुलांना आपल्या घरी नेलं. पुढे ही भावंडं वेगवेगळ्या घरांत वाढली.

आईवडील का गेले हे लोक मला पुन्हा पुन्हा विचारतात, जणू कुठेतरी एक नीट कारण सापडेल आणि आपल्याला बरं वाटेल. मला त्या प्रश्नापेक्षा वीलांटने त्याचं पुढे काय केलं हे जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याने म्हातारपणाकडे झुकताना बालपणाच्या आठवणी लिहिल्या आणि उपशीर्षकात स्वतःला 'आनंदी अनाथ पोर' म्हटलं (प्रश्न १५ बघा). आणि दोन भाऊ नंतर जे एकमेकांना धरून राहिले, एकाने पुस्तकं काढायची आणि दुसऱ्याने त्यांना रूप द्यायचं, ते बघताना मला दर वेळी ती झोपडी आठवते.

४. पहिल्या महायुद्धात तो लढला का?

१९१४ मध्ये अठरा वर्षांचा असताना वैद्यकीय मदतनीस म्हणून स्वतःहून गेला, फ्लँडर्सच्या आघाडीवर. तिथे वरिष्ठाशी वाजलं आणि १९१५ च्या सुरुवातीला त्याला हाकलून दिलं, कैसरचा, म्हणजे जर्मन सम्राटाचा, गणवेश घालायला नालायक असा शेरा मारून. नंतर माणसं कमी पडायला लागल्यावर त्याच नालायक माणसाला परत बोलावून पश्चिम आघाडीवर पाठवलं. या दोन फेऱ्यांच्या मधल्या बर्लिनच्या काळात, १९१५ मध्ये, चित्रकार लुडविग माइडनरच्या स्टुडिओत त्याची व्यंगचित्रकार गेओर्ग ग्रोसशी गाठ पडली आणि इथून पुढची गोष्ट सुरू झाली.

५. युद्धाच्या काळात सेन्सॉरशिप असताना युद्धविरोधी मासिक आणि प्रकाशन सुरू कसं काय करता आलं?

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे त्यामुळे जरा सविस्तर सांगते. तेव्हा नवीन नियतकालिकाला परवानगीच मिळत नव्हती. मग या भावांनी काय केलं, १९१४ मध्ये निघून बंद पडलेलं शाळकरी मुलांचं एक मासिक शोधलं, 'नॉये युगेंड', म्हणजे नवी तरुणाई, आणि त्याचे हक्क घेतले. जुनं मासिक पुढे चालू ठेवतोय असं दाखवायचं म्हणून त्यांचा पहिला अंक जुलै १९१६ मध्ये आला तो थेट सातवा अंक म्हणून. आत एल्झे लास्कर-श्यूलर, ग्रोस, आणि युद्धाला विटलेली बरीच मंडळी.

पुढे त्यावरही गदा आली. तर त्यावर दुसरी युक्ती. एल्झेची 'देर मालिक' ही कादंबरी मासिकात क्रमशः येत होती. हार्टफील्डने अधिकाऱ्यांना पटवलं की ही कादंबरी अर्धवट राहिलीय, ती पूर्ण छापायची म्हणून आम्हाला एक प्रकाशन काढू द्या. परवानगी मिळाली आणि मार्च १९१७ मध्ये मालिक प्रकाशन जन्माला आलं. ती कादंबरी मात्र त्यांनी पुस्तकरूपात कधी काढलीच नाही, ती १९१९ मध्ये पाउल कासिरर या दुसऱ्या प्रकाशकाकडून आली. मालिकने सुरुवातीलाच काढले ते ग्रोसच्या चित्रांचे संच, आणि मासिकाचे १९१७ चे शेवटचे दोन अंक वर्तमानपत्राएवढ्या मोठ्या कागदावर, रंगीत शाईत, अक्षरं आडवीतिडवी टाकून. ते आज बघितले तरी कोणी तरुण डिझायनरने काल केलेत असं वाटतं.

६. 'मालिक' म्हणजे आपला मालकच का?

हो, जवळचं नातं आहे. एल्झेने शब्द अरबीतून घेतला, तिथे मलिक म्हणजे राजा. आपला मालक आला तो अरबीतल्या मालिक म्हणजे धनी या शब्दावरून, दोन्ही एकाच धातूचे. तिच्या कादंबरीत मालिक हा थीब्जचा सम्राट, आणि ती स्वतःच तो सम्राट असते. तिने ही गोष्ट आपला मित्र चित्रकार फ्रान्झ मार्क याला लिहिलेल्या पत्रांतून सुरू केली, आणि मार्क १९१६ मध्ये व्हर्दूनजवळ मारला गेला. कामगारांसाठी स्वस्त पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशनाचं नाव राजा असणं विचित्र वाटतं खरं, पण ते नाव सत्तेचं नाही, एका कवयित्रीच्या खेळातलं आहे आणि त्या खेळात एक मेलेला मित्रही आहे.

७. फुटबॉलवर त्याने मासिक काढलं होतं म्हणे?

फुटबॉलचा काही संबंध नाही. 'येडरमान झाइन आयगनर फुसबाल', म्हणजे ज्याचा त्याचा स्वतःचा फुटबॉल, हे राजकीय व्यंगपत्राचं नाव होतं. तारीख १५ फेब्रुवारी १९१९. रोझा लुक्झेम्बुर्ग आणि कार्ल लीबक्नेख्त या कम्युनिस्ट नेत्यांचा खून होऊन बरोबर एक महिना झाला होता. पहिल्या पानावर हार्टफील्डने एक पंखा काढला आणि त्याच्या पात्यांवर सरकारातल्या लोकांचे चेहरे चिकटवले, वर मथळा 'सगळ्यात सुंदर कोण'. अंक विकायला ही मंडळी घोडागाडी करून, बँड लावून बर्लिनच्या कामगार वस्त्यांतून फिरली. ७,६०० प्रती गेल्या, मग पोलिसांनी पकडलं. तो पहिला अंक आणि तोच शेवटचा.

पुढच्याच महिन्यात, ७ मार्चला, हेर्त्सफेल्डेला उचललं. २० मार्चपर्यंत आत होता. त्या तेरा दिवसांत तुरुंगात त्याने जे मारहाण आणि हत्या बघितल्या ते बाहेर आल्या आल्या लिहून काढलं, 'शुट्सहाफ्ट' नावाने. शब्दाचा अर्थ संरक्षणासाठी कोठडी. हाच शब्द पुढे नाझींनी छळछावण्यांत माणसं डांबायला वापरला. छोटंसं पुस्तक आहे, त्यात अलंकार नाहीत, फक्त दिवसवार काय झालं ते आहे, आणि लेखक म्हणून त्याची ताकद मला तिथे सगळ्यात जास्त दिसते. सुटल्यावर तो काउंट हॅरी केसलर या श्रीमंत कलाप्रेमी मित्राकडे गेला आणि सगळं सांगितलं, ते केसलरच्या डायरीतही नोंदलेलं आहे.

पेपर बंद पडला म्हणून हे लोक थांबले नाहीत. लगेच 'डी प्लाइटे' काढलं. अर्थ, दिवाळं.

८. दादाइझमशी त्याचा संबंध काय? तो कलाकार तर नव्हता.

दादा म्हणजे युद्धाला आणि प्रतिष्ठित कलेला वैतागलेल्या कलाकारांची बंडखोर चळवळ. १९२० च्या ३० जूनला बर्लिनमध्ये ओट्टो बुर्खार्डच्या गॅलरीत पहिला आंतरराष्ट्रीय दादा मेळा भरला, ऑगस्टअखेरपर्यंत चालला, १७४ वस्तू. भरवणारे ग्रोस, हार्टफील्ड आणि राउल हाउसमान. हेर्त्सफेल्डेने त्याच्या कॅटलॉगची प्रस्तावना लिहिली. फोटो कापून चिकटवलेल्या चित्राला कला का म्हणायचं याचं त्या काळातलं इतकं साधं स्पष्टीकरण मी दुसरीकडे वाचलेलं नाही. मेळ्यात छताला डुकराच्या तोंडाचा, लष्करी गणवेश घातलेला एक पुतळा टांगला होता, आणि त्यावरून जे झालं ते पुढच्या प्रश्नात.

९. त्याच्यावर एकूण किती खटले झाले? ते 'गॅस मास्क घातलेला येशू' प्रकरण काय आहे?

सगळे मोजत बसत नाही, ग्रोससोबतचे तीन मोठे सांगते.

पहिला १९२१ चा. दादा मेळ्यातला तो पुतळा आणि ग्रोसचा 'गॉट मिट उन्स' हा चित्रसंच, दोन्हींवरून लष्कराच्या अपमानाची केस. गॉट मिट उन्स म्हणजे देव आमच्यासोबत, हे शब्द जर्मन सैनिकाच्या पट्ट्याच्या बकलवर असायचे. ग्रोसला ३०० मार्क दंड आणि प्रकाशकाला ६००. म्हणजे चित्र काढणाऱ्याच्या दुप्पट छापणाऱ्याला. लोक हा आकडा वाचून हसतात पण त्यात कोर्टाचा विचार सरळ दिसतो, की चित्रकाराने घरात काहीही काढावं, ते लोकांपर्यंत नेणारा जास्त धोकादायक.

दुसरा 'एक्के होमो' या संचावरून, अश्लीलतेचा, १९२४ मध्ये. ८४ काळीपांढरी आणि १६ रंगीत चित्रं, बर्लिनच्या पैसेवाल्या लोकांची बंद दारामागची आयुष्यं. दंड झाला आणि काही चित्रं जप्त.

तिसरा सगळ्यात लांबलेला. १९२८ मध्ये दिग्दर्शक एर्विन पिस्काटोरने हाशेकच्या 'श्वाइक' या युद्धाची टिंगल करणाऱ्या चेक कादंबरीचं नाटक बसवलं, त्यासाठी ग्रोसने पडद्यावर दाखवायला शेकडो चित्रं केली, त्यातली १७ मालिकने 'हिंटरग्रुंड', म्हणजे पार्श्वभूमी, या नावाने काढली. दहावं चित्र : क्रूसावरचा येशू, तोंडाला गॅस मास्क, पायात लष्करी बूट, खाली शब्द 'थोबाड बंद ठेव आणि चाकरी करत राहा'. ईश्वरनिंदेची केस. डिसेंबर १९२८ मध्ये दोघांनाही दोन महिने कैद किंवा प्रत्येकी २,००० मार्क दंड. एप्रिल १९२९ मध्ये वरच्या कोर्टात निर्दोष. सरकारी वकील लाइपझिगच्या सर्वोच्च कोर्टात गेले, १९३० मध्ये निकाल फिरला, खटला परत खाली, परत निर्दोष, आणि १९३१ च्या शेवटी तो निर्दोष निकाल कायम झाला. पण चित्रं आणि त्यांच्या प्लेट्स नष्ट करा असा हुकूम सोबत आलाच. माणसं सुटली आणि चित्राला शिक्षा झाली.

आणि योगायोग बघा, वडिलांवरही हाच आरोप होता, ईश्वरनिंदा (प्रश्न ३). बाप त्यापायी देश सोडून पळाला, मुलगा मात्र तीन वर्षं कोर्टात उभा राहिला.

१०. मालिकने नेमकी कोणाची पुस्तकं काढली? आणि त्या कव्हरांचं एवढं कौतुक का?

अप्टन सिंक्लेअर हा त्यांचा सगळ्यात मोठा लेखक, म्हणजे खपाच्या दृष्टीने. अमेरिकेतल्या कामगारांवरच्या, तेलकंपन्यांवरच्या त्याच्या कादंबऱ्या जर्मनीत मालिकमुळे घराघरात गेल्या. मॅक्सिम गॉर्की, आपल्याकडे तो 'आई'मुळे माहितीय. इसाक बाबेलच्या लाल घोडदळाच्या कथा १९२६ मध्ये. इल्या एहरेनबुर्ग, मायकोव्हस्की, फ्रान्झ युंग. आणि एक नाव लोकांना चकित करतं, मार्क्सवादी तत्त्वज्ञ गेओर्ग लुकाच. त्याचं 'इतिहास आणि वर्गजाणीव' हे १९२३ चं पुस्तक, ज्यावर आजही तत्त्वज्ञानाच्या वर्गात वाद होतात, ते याच प्रकाशनाचं. कादंबऱ्या आणि चित्रसंच छापणारा माणूस तेवढ्याच जिद्दीने असं अवघड पुस्तकही काढतो.

आता कव्हर. त्याआधीचं जर्मन पुस्तक म्हणजे साधारण कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं, ज्याला परवडेल त्याने घ्यावं. हार्टफील्डने धूळ बसू नये म्हणून घालायच्या कागदी वेष्टनालाच पोस्टर केलं. फोटो कापायचे, जोडायचे, मोठी अक्षरं टाकायची, आणि पुढची बाजू, कणा आणि मागची बाजू मिळून एक सलग चित्र. पुढे चकाकणारं जग आणि उलटलं की मागे त्याची किंमत कोण मोजतंय ते. दुकानाच्या काचेसमोरून जाणारा माणूस, ज्याने आयुष्यात पुस्तकाच्या दुकानात पाय ठेवला नाही, तो थांबला पाहिजे हा हिशोब. व्यंगलेखक कुर्ट टुखोल्स्की 'पेटर पांटर' या टोपणनावाने लिहायचा, त्याने १९३२ मध्ये लिहिलं की मी पेटर पांटर नसतो तर मला मालिक प्रकाशनाचं कव्हर व्हायला आवडलं असतं.

कौतुक हार्टफील्डचं होतं आणि व्हायलाच पाहिजे, पण मला नेहमी वाटतं की त्या कव्हरमागे 'हो, छाप' म्हणणारा माणूस होता. छपाईचा खर्च वाढणार, पोलीस येणार, दुकानदार नाक मुरडणार हे सगळं माहीत असून हो म्हणणारा. मी स्वतः काही वर्षं पुस्तकांच्या मांडणीचं काम केलंय, आणि कव्हर बघून 'थोडं सौम्य करा' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की हेर्त्सफेल्डेची किंमत मला वेगळी सांगावी लागत नाही.

११. एवढ्या स्वस्तात पुस्तकं देऊन प्रकाशन चालायचं कसं? पैसे कोण घालायचं?

कायम ओढाताण होती. सुरुवातीला केसलरसारख्या श्रीमंत मित्रांनी मदत केली. नंतर फेलिक्स वाइल, धान्यव्यापारातल्या गडगंज घराचा मुलगा, ज्याच्या पैशावर फ्रँकफर्टची सुप्रसिद्ध समाजसंशोधन संस्थाही उभी राहिली, त्याने मालिकमध्ये पैसा घातला. पण फक्त देणग्यांवर नाही चाललं. हेर्त्सफेल्डेची व्यापारी अक्कल चांगली होती. ग्रोसच्या चित्रसंचांच्या वेगवेगळ्या आवृत्त्या काढायच्या, उंची कागदावर, चित्रकाराच्या सहीच्या, मोजक्या आणि महाग, आणि त्याच चित्रांची साधी स्वस्त आवृत्तीही. कादंबऱ्यांचंही तसंच, कापडी बांधणी हवी त्याला कापडी, नाहीतर पुठ्ठ्याची. संग्राहक आणि फिटर दोघांच्या घरी तेच पुस्तक. बायको गेरट्रूड या सगळ्या कामात बरोबरीने होती आणि तिचं नाव फार कमी ठिकाणी येतं म्हणून मुद्दाम लिहितेय.

१२. म्हणजे हे कम्युनिस्ट पक्षाचंच प्रकाशन होतं ना?

नाही. हेर्त्सफेल्डे, हार्टफील्ड आणि ग्रोस जर्मन कम्युनिस्ट पक्षात अगदी सुरुवातीला, १९१८-१९ च्या त्या दिवसांतच गेले, हे खरं. पण मालिक पक्षाच्या मालकीचं नव्हतं, पक्षाची स्वतःची वेगळी प्रकाशनं होती. म्हणूनच ज्या लेखकांवर पक्षाचा रोष होता किंवा जे कुठल्याच पक्षाचे नव्हते तेही तिथे छापले गेले. पक्षाच्या जवळचा पण स्वतःच्या घराचा मालक, असं म्हणता येईल. याची झळ त्याला पुढे बसली, प्रश्न १६ बघा.

१३. टुखोल्स्कीचं 'डॉयच्लांड, डॉयच्लांड उबर आलेस' आणि हार्टफील्डची हिटलरची चित्रं मालिकनेच काढली असतील?

हा गोंधळ सगळ्यात जास्त होतो आणि चांगल्या लेखांतही सापडतो. दोन्ही नाही. १९२९ चं टुखोल्स्कीचं ते पुस्तक विली म्युंझेनबेर्ग या कम्युनिस्ट प्रकाशकाच्या 'नॉयर डॉयचर फेरलाग'चं. हिटलरच्या पोटात नाण्यांची चळत दाखवणारं वगैरे जी चित्रं आहेत ती त्याच म्युंझेनबेर्गच्या 'एआयझेड' या सचित्र साप्ताहिकातली. हार्टफील्ड दोन्हीकडे काम करायचा म्हणून लोक सगळंच मालिकच्या खात्यात टाकतात.

१४. १९३३ नंतर काय झालं? त्याला पकडलं का?

राइशटाग, म्हणजे जर्मन संसदेची इमारत, जळालं २७ फेब्रुवारीला, आणि त्यानंतर लगेचच तो प्रागला निसटला. बर्लिनमधला पुस्तकांचा साठा नाझींच्या हाती गेला, आणि १० मेला जी पुस्तकं चौकाचौकात जाळली त्यात मालिकचे लेखक होतेच. हार्टफील्ड मागे राहिला होता, एप्रिलमध्ये त्याच्या घरावर धाड पडली तेव्हा त्याने बाल्कनीतून उडी मारली आणि डोंगर ओलांडून चालत प्राग गाठलं.

प्रागला हेर्त्सफेल्डेने पहिलं काम केलं ते मासिक काढायचं. 'नॉये डॉयचे ब्लेटर', सप्टेंबर १९३३ ते ऑगस्ट १९३५. संपादक तो, आना झेगर्स, ओस्कार मारिया ग्राफ, आणि चौथ्या नावाच्या जागी फक्त तीन तारे. ते तीन तारे म्हणजे यान पेटर्सन, जो बर्लिनमध्येच लपून राहून मजकूर पाठवत होता. एखाद्या मासिकाच्या संपादक मंडळात नावाऐवजी तारे छापावे लागतात यातच त्या दिवसांचं सगळं आलं. मालिकची पुस्तकंही परत सुरू झाली, त्याबद्दल शेवटचा प्रश्न बघा.

१५. तो स्वतः लेखक म्हणून कसा होता? फक्त प्रकाशक म्हणूनच ओळखायचं का?

सुरुवात कवितेने, १९१७ चा 'झुलामिथ' हा संग्रह. १९२० मध्ये स्वप्नांचं पुस्तक, 'ट्रागिग्रोटेस्केन देर नाख्त', ग्रोसच्या चित्रांसह. १९२५ मध्ये ग्रोससोबत 'कला धोक्यात आहे' हे निबंधाचं पुस्तक. मग जवळजवळ पंचवीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं. स्वतःचं मोठं पुस्तक आलं १९४९ मध्ये, 'इमरग्र्यून', बालपणाच्या आठवणी. शब्दाचा अर्थ सदाहरित, आणि जर्मनीत ते आपल्या सदाफुलीच्या नात्यातल्या एका जमिनीलगत पसरणाऱ्या वेलीचंही नाव आहे, जी सावलीत, कोणी लक्ष न देता वाढते. १९६२ मध्ये भावाचं चरित्र लिहिलं, ते हार्टफील्डवरच्या सगळ्या नंतरच्या लेखनाचा पाया आहे.

कवी म्हणून तो पहिल्या रांगेतला नाही असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पण गद्य फार चांगलं, बोलल्यासारखं, कोणाची कीव न मागणारं. जर्मन येत असेल तर 'इमरग्र्यून'ने सुरुवात करा, बी वन, म्हणजे मधल्या पातळीच्या पुढे गेलात की जमतं. आणि हो, त्याने कमी लिहिलं याची मला हळहळ आहे, ज्याने इतक्यांना छापलं त्याच्या स्वतःच्या पुस्तकांना वेळ उरला नाही.

१६. अमेरिकेत तो स्टॅम्प विकायचा म्हणे? आणि परत आल्यावर मालिक पुन्हा का नाही सुरू केलं?

म्युनिक करारात चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग हिटलरला दिला गेला, त्यानंतर १९३८ मध्ये प्रागही सुटलं. तो लंडनला गेला, तिथे राहायला मिळालं नाही, १९३९ मध्ये न्यूयॉर्क. हार्टफील्ड इंग्लंडमध्येच राहिला, म्हणजे भाऊ पुन्हा दुरावले, अकरा-बारा वर्षांसाठी. न्यूयॉर्कला पोटासाठी त्याने पुस्तकं आणि पोस्टाची तिकिटं विकायचं छोटं दुकान टाकलं. आणि त्या दुकानदारीतून १९४४ मध्ये परत प्रकाशन, ऑरोरा. संस्थापक अकरा निर्वासित लेखक, त्यात नाटककार ब्रेख्त, आल्फ्रेड डोब्लिन, लिऑन फॉइश्टवांगर, हाइनरिश मान, एर्न्स्ट ब्लोख. ब्रेख्तचं तिसऱ्या राइशमधल्या भीतीवरचं नाटक इथे १९४५ मध्ये आलं, आना झेगर्सच्या कथा १९४६ मध्ये. वाचक कोण, तर अमेरिकेतले जर्मन निर्वासित आणि युद्धकैद्यांच्या छावण्यांतले जर्मन सैनिक.

१९४९ मध्ये तो पूर्व जर्मनीत परतला, लाइपझिग विद्यापीठात साहित्याचा प्राध्यापक झाला. तिथे खासगी प्रकाशन चालवायला वावच नव्हता, ऑरोराची पुस्तकं पुढे आउफबाउ या प्रकाशनाने घेतली. शिवाय पश्चिमेकडे निर्वासित राहून आलेल्या कम्युनिस्टांकडे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पक्षच संशयाने बघायचा, ते दोन्ही भावांच्या वाट्याला आलं. नंतर मान मिळाला, पेन या लेखकांच्या संस्थेत आणि कला अकादमीत पदं मिळाली. पण १९१७ मध्ये कैसरच्या सेन्सॉरला गुंडाळून सुरू केलेलं प्रकाशन स्वतःच्या स्वप्नातल्या राज्यात त्याला परत उघडता आलं नाही, आणि हे मला अजून सलतं. १९८० च्या दशकात कीलमध्ये 'नॉयर मालिक' नावाचं प्रकाशन होतं, पण ते वेगळ्या लोकांचं.

१७. माझ्याकडे मालिकचं एक पुस्तक आहे, आत 'लंडन' छापलंय. म्हणजे हे इंग्लंडमध्ये छापलेलं आहे का? आणि ब्रेख्तच्या समग्र वाङ्मयाचे दोनच खंड का मिळतात?

दोन्हींचं उत्तर एकच आहे. प्रागमध्ये परदेशी निर्वासिताच्या नावाने प्रकाशन चालवणं कायद्याने अवघड होतं, म्हणून मालिकची नोंदणी लंडनला केली. काम, संपादन, छपाई सगळं चेकोस्लोव्हाकियात. त्यामुळे 'लंडन' दिसलं तरी १९३३ नंतरची अशी प्रत साधारण तिथलीच समजा.

ब्रेख्तचे पहिले दोन खंड १९३८ मध्ये असेच आले. पहिल्या खंडात 'तीन पैशांचा ऑपेरा' आहे, ज्यावरून पु. लं.नी 'तीन पैशाचा तमाशा' केला. नाटककार डेन्मार्कमध्ये परागंदा, प्रकाशक प्रागमध्ये परागंदा, आणि ज्या भाषेत नाटक लिहिलंय त्या देशात ते विकायला बंदी, अशा अवस्थेत या माणसाने समग्र वाङ्मय काढायला घेतलं. पुढच्या खंडांचं कामही सुरू झालं होतं, छपाईचे खिळे जुळवून झाले होते. मग जर्मन सैन्य आलं आणि ते जुळवलेले खिळे मोडून टाकले गेले.